सकाळी लावलेला मारवा

आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक होती. सिल्वासात आम्ही मंडळी कारखान्यांच्या निमित्ताने आलो आणि इथेच राहिलो. एरवी गणपती, हळदीकुंकू आणि कोजागिरी एवढ्यापुरतं मंडळ जागं होतं. यंदा मात्र कोणीतरी टूम काढली की, मंडळाच्या हॉलमध्ये मुलांसाठी गाण्याचा वर्ग सुरू करावा. शिकवायला कोण, असा प्रश्न निघाल्यावर समितीतल्या एका वहिनींनी एका बाईंचं नाव सुचवलं. आमच्याच गावात राहतात, रीतसर शिकलेल्या आहेत, पूर्वी एफएमवर सकाळचा शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम करायच्या.

खजिनदार लगेच म्हणाले, "त्या? अहो, त्यांनीच तर तो कार्यक्रम बुडवला. सकाळी सहाला मारवा लावायच्या! अवेळी राग लावले, जाणकार तुटले, कार्यक्रम बंद. त्यांच्या हातात मुलं कशी द्यायची?"

"असं होय," वहिनी म्हणाल्या, आणि ते नाव तिथेच मागे पडलं. पुढचा विषय हॉलच्या रंगाचा होता.

खजिनदार सिल्वासात आले तेव्हा तो कार्यक्रम बंद होऊन बराच काळ लोटला होता. त्यातला एक सूरही त्यांनी ऐकलेला नाही. त्यांनी म्हटलेलं वाक्य माझं होतं. त्याच हॉलमध्ये, गणेशोत्सवात, मी ते माइकवर बोललो होतो. तेव्हापासून ते गावात हिंडत राहिलं, आणि आता गावाचंच झालं होतं. मी खजिनदारांच्या समोरच्या खुर्चीत बसलो होतो. हातात चहाचा कप होता. चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. पत्नीने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "ॲसिडिटी." या वयात हे उत्तर कुणालाही पटतं.

मी नाशिकहून इथे आलो तेव्हा तरुण इंजिनिअर होतो. करसवलतींमुळे एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि जवळच्या सायली गावातल्या एका सूत कारखान्यात मला नोकरी मिळाली. पगार चांगला, क्वार्टर चांगलं, पण संध्याकाळ काढायची कशी, हे कळत नसे. नाशिकला असताना महिन्यातून एखादी तरी मैफल होई. इथे गाणं म्हणजे लग्नातला बॅंड. मग आम्ही पाचसहा जण दर रविवारी एकमेकांकडे जमू लागलो. कुणी पुण्याचा, कुणी मुंबईचा. कॅसेट लावायची, पोहे खायचे आणि कुठल्या तानेत काय झालं यावर भांडायचं. माझे एक पुण्याचे मित्र तबला वाजवत, समेवर हात आपटून ते टीपॉयवरचे कप उडवत आणि त्यांची बायको आतून ओरडे, "अहो, ते काचेचं आहे!"

आम्हाला गाण्याचं प्रेम होतं. ते खोटं नव्हतं, एवढं मी आजही म्हणेन. पण त्या प्रेमाला हळूहळू एक कुंपण पडत गेलं. बाहेरच्यांना गाणं कळत नाही, आपल्याला कळतं. दिवसभर गुजराती आणि हिंदीत बोलून, यंत्रांच्या आवाजात कान बधिर करून घेतलेल्या माणसांना आपलं म्हणून काहीतरी वेगळं हवं असतं. आमच्याकडे ते ज्ञान होतं. कुठला राग कुठल्या प्रहरी, कुठला स्वर कुठे लागायला हवा, कुठे लागता कामा नये. असं 'नाही' म्हणण्यात खूप मजा यायची.

मग आमच्या भागात एक खाजगी एफएम वाहिनी सुरू झाली. एका टाइल्सच्या दुकानावर तिचं छोटं ऑफिस होतं. दिवसभर सिनेमाची गाणी, मधे मधे पाण्याच्या टाक्या, पाइप, सोन्याचे दागिने आणि 'कामगार पाहिजेत' या जाहिराती. त्या शेवटच्या प्रकारातल्या बऱ्याचशा आमच्या कारखान्याच्या असत, कारण तोपर्यंत मी प्लांटचा प्रमुख झालो होतो आणि माणसं टिकत नसत. मॅनेजर एक गुजराती तरुण होता. जाहिराती मिळवण्यासाठी स्कूटरवर सगळ्या औद्योगिक वसाहती पालथ्या घालायचा. मुख्य कार्यालयाचा त्याच्यामागे तगादा असे. सकाळी सहा ते सात ही वेळ कोणी विकत घेत नव्हतं. म्हणून त्याने ती आमच्या बाईंना देऊन टाकली.

त्या धुळ्याकडच्या. नवरा खडोलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. लग्नाआधी त्या बरीच वर्षं गाणं शिकल्या होत्या. वाहिनीकडे शास्त्रीय संगीताच्या मोजक्याच सीड्या होत्या. बाकीच्या त्या घरून पिशवीत घालून नेत. पहिल्या दिवशी त्यांचा आवाज ऐकला तो मला पाठ आहे. "नमस्कार. जे उठले त्यांना सुप्रभात. जे आता निजणार त्यांना शुभ रात्री. चालो, आजचा भैरव ऐकू या."

मी दाढी करत होतो. चहा आणणाऱ्या पत्नीला हाताने थांबवलं आणि आवाज वाढवला. सिल्वासात, रेडिओवर, सकाळी सकाळी भैरव! त्या रविवारच्या बैठकीत दुसरा विषयच नव्हता. पुण्याचे मित्र मात्र म्हणाले, "निवड बरी आहे. पण 'निजणार' काय, 'चालो' काय? ही काय आकाशवाणीची भाषा झाली?"

"खानदेशी आहेत," कोणीतरी म्हणालं.

"दिसतंय ते. म्हणजे, ऐकू येतंय," मित्र म्हणाले. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

काही महिने तो तास आमचा होता. पंचवीस मिनिटांची चीज मधे तुटायची आणि टाकीची जाहिरात यायची, तरी चालायचं. बाई फार माहिती सांगत नसत. "यात कोमल रिषभ कसा येतो बघा, घाबरत घाबरत," एवढंच म्हणत आणि खरोखरच तो तसाच ऐकू येई. मॅनेजर एकदा कारखान्यात जाहिरातीसाठी आला तेव्हा मी त्याचं कौतुक केलं. तो लाजला. म्हणाला, "साहेब, मने तो कंई समजातुं नथी. पण सवारमां सारुं लागे छे." त्याला काही कळत नव्हतं, पण सकाळी ऐकायला बरं वाटत होतं. त्याला आम्ही बैठकीत बरंच हसलो होतो. आता वाटतं, त्याने सांगितलं त्यापेक्षा जास्त काही सांगण्यासारखं नव्हतंच.

आणि मग एका सकाळी भैरव नाही, तोडी नाही. मारवा लागला.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मारवा हा सूर्य मावळतानाचा राग. त्यात एक अस्वस्थपणा असतो. घरी परतायची वेळ झाली आहे आणि घर कुठे आहे ते सापडत नाही, असा काहीतरी. तो सकाळी कोणी गात नाही, कोणी लावत नाही. खिडकीबाहेर उजाडत होतं आणि मला मात्र दिवस मावळल्यासारखं झालं. म्हणजे रागाने आपलं काम चोख केलं होतं. पण तेव्हा मला तसं वाटलं नाही. मला राग आला.

शेवटी बाई म्हणाल्या, "हा मारवा त्यांच्यासाठी, ज्यांचा दिवस आत्ता मावळला. नाईटवाल्या भावांनो, घरी जाऊन नीट झोपा."

नंतर त्या आठवड्यातून दोनदा असं करू लागल्या. कधी मारवा, कधी पूरिया, एकदा यमन. रविवारी आमच्याकडे वादळ झालं.

"रागाला वेळ नसेल तर मग उरलं काय?" मित्र म्हणाले. "उद्या दुपारी बाराला मालकंस लावतील!"

"कामगारांना काय कळतंय मारवा," दुसरे म्हणाले.

"तू बोल," मित्र मला म्हणाले. "तुझ्या जाहिराती जातात तिथे. तुझं ऐकतील."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती मी त्या रविवारी सांगितली नाही, कुठल्याच रविवारी सांगितली नाही. त्याच आठवड्यात मी एक दिवस लवकर प्लांटवर गेलो होतो, कारण एक मशीन बंद पडलं होतं. गेटवर रात्रपाळीची बस निघायच्या तयारीत उभी होती. एरवी त्या बसमध्ये बाजार भरलेला असे. डबे आपटणं, शिव्या, हसणं, जागेसाठी भांडणं. त्या दिवशी बस भरलेली होती आणि आवाज नव्हता. ड्रायव्हरने रेडिओ लावला होता. आतली माणसं खिडकीच्या काचेला डोकं टेकून, डोळे मिटून बसली होती. यमन चालला होता. कापसाच्या तंतूंनी त्यांचे केस पांढरे झाले होते. मी बसजवळ गेलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, "आवाज कमी कर." त्याने केला. मी आत निघून गेलो.

रात्रपाळीचं वेळापत्रक मीच मंजूर करत होतो. माणसांची रात्र कुठे सुरू होईल आणि कुठे संपेल हे माझ्या सहीने ठरत होतं. सूर्याचं घड्याळ मी कधीच मोडून टाकलं होतं. फक्त रागाचं मोडू नये, असा माझा आग्रह होता. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. आलं असतं तरी मी ते बाजूला सारलं असतं, असं आता वाटतं.

मी मॅनेजरला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. म्हटलं, "बघा, तुमच्या बाई चुकीच्या वेळी चुकीचे राग लावतात. जाणकार लोकांत तुमची चेष्टा होते आहे. त्यांना समज द्या."

तो म्हणाला, "साहेब, मी सांगेन. पण त्या ऐकणार नाहीत. हट्टी आहेत."

"मग असं लावण्यापेक्षा न लावलेलं बरं," मी म्हणालो.

त्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "साची वात? तमे कहो छो?"

"हो. मीच सांगतोय."

त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. मुख्य कार्यालयाला तो तास केव्हाचा बंद करायचा होता. याच्या मनात नव्हतं म्हणून हा टाळत होता. आता त्याला कारण मिळालं, तेही खुद्द शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांकडून. मी काय बोललो ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तोंड उघडून 'तसं नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं' एवढं म्हणायला वेळ होता. त्याने चहा पूर्ण प्यायला, निरोप घेतला, स्कूटर चालू केली. बराच वेळ होता.

सोमवारपासून सहा वाजता राशिभविष्य आणि जोरजोरात हसणारे दोन निवेदक सुरू झाले.

बैठकीत सगळे हादरले. आम्हाला कार्यक्रम शुद्ध व्हायला हवा होता, बंद नाही. मित्राने मला विचारलं, "तू नक्की काय बोललास?" मी म्हणालो, "समज द्या, एवढंच बोललो." यापुढचं त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते नको होतं, असं वाटतं. आपल्यापैकी कुणाचा तरी दोष निघण्यापेक्षा तो दुसऱ्या कुणाचा तरी असणं सोयीचं होतं, आणि ते दुसरं कुणीतरी अगदी हाताशी होतं. गणपतीत मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी आजच्या अभिरुचीवर बोललो. बाजारावर बोललो. आणि म्हणालो, "पण दोष फक्त बाजाराचा नाही. अवेळी राग लावले, जाणकार तुटले, कार्यक्रम बंद पडला." टाळ्या पडल्या. प्रसादाच्या पातेल्याशी बाईंचे यजमान उभे होते, हातात डाव घेऊन. मी त्यांना पाहिलं होतं.

त्यानंतर बाई मंडळात आल्या नाहीत. त्यांच्याकडे शिकायला जाणारी मराठी घरची मुलं एकेक करून कमी झाली. कोणी वापीला क्लास लावला, कोणी गाणंच सोडलं. कानावर यायचं आणि मी ऐकून घ्यायचो.

आता गाडीत बसलो की मुलगा एफएम लावतो. दहा गाणी आलटून पालटून, लोकांना फोन करून फसवणं आणि त्यावर हसणं. तोडी नाही, भैरव नाही, तासभर तर सोडाच, पाच मिनिटंसुद्धा नाही. कदाचित आमच्या बाईंचा तासही वर्षभरात गेलाच असता. मोठमोठ्या शहरांत गेला, तर सिल्वासात कसा टिकला असता? हे वाक्य मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे. पण तो इथे ज्या दिवशी गेला, त्या दिवशी तो कुठल्या बाजाराने नेला नव्हता. तो मी दिला होता.

त्या बैठकीनंतरच्या शनिवारी मी बाईंच्या घरी गेलो. घर दुसऱ्या मजल्यावर. दार यजमानांनी उघडलं. आता निवृत्त झाले आहेत.

"या साहेब," ते म्हणाले. "आज वेळ बघून आलात की अवेळी?"

"अहो," आतून आवाज आला, "बसायला तरी सांगा."

बाई शिलाई मशीनपाशी बसून हाताने साडीला फॉल लावत होत्या. केस पांढरे झाले होते. आवाज तोच होता. खुर्चीवरच्या साड्या उचलून त्यांनी मला जागा करून दिली. कोपऱ्यात तंबोऱ्याची पेटी होती आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे.

मी ठरवून आलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. बैठकीत काय झालं ते. मॅनेजरला मी काय म्हणालो ते. गणपतीतलं भाषण. बाई ऐकत होत्या, सुई हातातच होती. मी थांबलो. क्षमा मागायची ती मागितली. वाटलं होतं, त्या रडतील किंवा मला जायला सांगतील.

त्यांनी विचारलं, "म्हणजे नाईटवाल्यांनी तक्रार नव्हती केली?"

मला कळलं नाही. "कोणी?"

"नाईटवाल्यांनी. तो मॅनेजर मला म्हणाला होता, लिसनरची कम्प्लेंट आहे. मला वाटलं, त्यांचीच." त्यांनी सुई मशीनवरच्या सुयांच्या गादीत खोचली. "हे रात्रपाळीहून आले की मी पडदे ओढायची, दिवा लावायची. त्यांची तेव्हा रात्र. म्हटलं, बाकीच्यांचंही असंच असेल, त्यांना सकाळचे राग टोचत असतील. म्हणून लावत होते. मग तक्रार आली म्हटल्यावर वाटलं, आपण उगाच शहाणपणा केला. रात्रभर मशीनचा आवाज ऐकून दमलेल्या माणसांना आपण मारवा ऐकवत बसलो. त्यांना गाणीच हवी असतील. इतकी लाज वाटली मला! रस्त्यात ह्यांच्या कंपनीचं कोणी दिसलं तरी मी दुसऱ्या बाजूने जायची."

"ही अजूनही जाते," यजमान म्हणाले.

मग मी त्यांना बसची गोष्ट सांगितली. यमन, काचेला टेकलेली डोकी, न झालेला गोंधळ. आणि ड्रायव्हरला आवाज कमी करायला सांगितला, तेही. ते सांगताना मला खाली बघावं लागलं.

बाईंनी मांडीवरची साडी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "सगळी बस?"

"सगळी."

"अहो, ऐकलंत?" त्या यजमानांना म्हणाल्या.

"ऐकलं. मी तेव्हाच सांगत होतो, आमच्या पोरांना आवडतं म्हणून."

"तुमचं काय, तुम्हाला माझं सगळंच आवडतं."

"सगळं नाही. कढी नाही आवडत."

त्या हसल्या. मग माझ्याकडे वळल्या, तेव्हा हसू गेलं होतं. "काका, एक विचारू? तुमच्या त्या पुण्याच्या मित्रांची मुलगी कुठेतरी शिकायची ना? क्लास किती वाजता असायचा?"

"रविवारी सकाळी दहा."

"आणि काय शिकवत होते?"

"यमन," मी म्हणालो. सगळीकडे सुरुवातीला यमन शिकवतात. रात्रीचा राग, सकाळी दहा वाजता, पोरांच्या घोळक्याला. आम्ही त्या मुलीला हौसेने म्हणायला लावायचो आणि वाहवा करायचो.

"तेव्हा तुमचं घड्याळ कुठे गेलं होतं?" बाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता. "मला माफी वगैरे नको, काका. दिली म्हणा, नाही म्हणा, काय फरक पडतो. पण मला मुलं शिकवायची आहेत. अजून गळा आहे. तुम्ही जिथे बोललात ना, तिथेच जाऊन हे सांगा. इथे माझ्या घरी सांगून काय उपयोग?"

यजमानांनी चहा आणला. चहा घेऊन मी निघालो. जिन्यात त्यांनी मला हात दिला, कारण पायऱ्या उंच आहेत.

पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर पुन्हा रंग होता. मी अध्यक्षांना म्हणालो, त्याआधी मला बोलायचं आहे. उभा राहिलो. आता मला उभं राहून फार वेळ बोलता येत नाही. खुर्चीची पाठ धरली आणि सगळं सांगितलं. आम्ही रविवारी काय बोललो ते, मॅनेजर, चहा, बस, भाषण. खजिनदारांना म्हणालो, "तुम्ही बोललात ते वाक्य माझं आहे, आणि ते खोटं आहे."

समितीत माझे पुण्याचे मित्रही आहेत. ते म्हणाले, "अरे, आता कशाला उकरतोस? आणि 'आम्ही' काय म्हणतोस? मी काही गेलो नव्हतो मॅनेजरकडे."

"बरोबर. मी गेलो होतो."

"मग तसं म्हण. मला कशाला ओढतोस?"

"ओढत नाही," मी म्हणालो. ते उठून खिडकीशी गेले. आमची अनेक वर्षांची मैत्री आहे. त्यानंतर दोन रविवार ते आले नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही. मला इतकी वर्षं लागली, त्यांनाही लागू देत.

वहिनी म्हणाल्या, "मग बाईंना विचारायचं की नाही? नंबर आहे माझ्याकडे." अध्यक्ष काही बोलायच्या आत त्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. पलीकडून आधी शिलाई मशीनचा आवाज आला, मग बाईंचा.

वहिनींनी वर्गाचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "येईन. मुलं कोणाची?"

"आपल्या सभासदांची," अध्यक्ष म्हणाले.

"फक्त?"

"हॉल सभासदांचा आहे ना, ताई. नियम आहे तसा."

"मग नको," बाई म्हणाल्या. "खडोलीच्या चाळींमधली पोरं येऊ द्या. नाईटवाल्यांची. त्यांचे बाप दिवसा झोपतात, घरात आवाज करायचा नाही म्हणून पोरं रस्त्यावर हिंडतात. ती येणार असतील तर मी येते."

खजिनदार अध्यक्षांच्या कानाशी काहीतरी म्हणाले. कोणीतरी म्हणालं, चपला ठेवायला जागा नाही. कोणी म्हणालं, हे आपल्या मुलांसोबत कसं बसणार. कोणी म्हणालं, ती बिहारी पोरंसुद्धा येतील, मराठी येत नाही त्यांना. वहिनी म्हणाल्या, "सा रे ग म ला कुठे मराठी लागतं?" मी म्हणालो की, माझा हात वर आहे असं धरा. आणखी दोघांचे झाले. वहिनींचा तर होताच. अध्यक्षांनी कपाळ चोळलं. ते बँकेतून निवृत्त झालेले. प्रत्येक गोष्टीत मधला मार्ग शोधण्याची सवय गेलेली नाही.

"ताई," ते फोनकडे वाकून म्हणाले, "असं करू. सभासदांची मुलं बसल्यावर जागा उरली, तर बाहेरची घेऊ."

पलीकडे मशीन थांबलं.

"जागा मी बघते," बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त हॉल उघडून ठेवा."